‘जानेवारीत ये’ : अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली शिष्यवृत्ती आणि लांबवलेला प्रवेश

अमेरिकेतल्या हायस्कूलमधल्या एखाद्या चांगल्या फुटबॉलपटूला बारावीच्या वर्षात विद्यापीठाच्या कोचचा फोन येतो. शिष्यवृत्ती देऊ, जागा पक्की आहे, पण ऑगस्टऐवजी जानेवारीत ये. हे वाक्य कधी सरळ मदतीचं असतं आणि कधी सरळ फसवणुकीचं. शब्द दोन्ही वेळा तेच असतात. फरक असतो तो ते कधी उच्चारले आणि त्यामागे कागद कोणता आहे यात.

इथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन खेळ. त्याच्या सर्वोच्च कॉलेज पातळीला एफबीएस म्हणतात. तिथे सव्वाशेहून जास्त विद्यापीठांचे संघ आहेत. मोठ्या संघांची मैदानं ऐंशी हजार ते लाखभर प्रेक्षकांची असतात, मुख्य कोचचा पगार वर्षाला काही दशलक्ष डॉलर असतो आणि मैदानात उतरणारी मुलं अठरा ते बावीस वर्षांची असतात. त्यांना मिळणारी पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे शिकवणी शुल्क, राहणं, जेवण आणि पुस्तकं. २०१५ पासून मोठ्या परिषदांनी, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांनी, प्रवास, कपडे असा वरखर्चही त्यात धरायला सुरुवात केली. मध्यमवर्गीय घरासाठी ही रक्कम घराच्या कर्जाइतकी मोठी ठरू शकते. तिच्याबद्दल दिलेला शब्द मोडणं ही म्हणूनच किरकोळ बाब नाही.

ऑफर म्हणजे नेमकं काय

कोच तोंडाने ‘ऑफर’ देतो, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. ही तोंडी ऑफर कुठल्याही वयात देता येते. २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कोचने सातवीतल्या, तेरा वर्षांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूला, अशी ऑफर दिली होती आणि त्याने ती स्वीकारलीही होती. अखेर तो खेळला दुसऱ्याच विद्यापीठाकडून, तेही वेगळ्या जागेवर. मुलगा तोंडी ‘हो’ म्हणतो त्याला ‘कमिट’ होणं म्हणतात. त्यालाही बंधन नसतं. मुलगा दुसरीकडे वळू शकतो आणि कोचही ऑफर मागे घेऊ शकतो.

लेखी ऑफर बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टपासून देता येते. सह्या होतात सह्यांच्या ठरलेल्या मुदतीत. पूर्वी ती फक्त फेब्रुवारीत असायची. २०१७ पासून डिसेंबरमध्येही लवकरची मुदत सुरू झाली आणि आता बहुतेक सह्या डिसेंबरमध्येच उरकतात. २०२४ पर्यंत दोन कागदांवर सही व्हायची. एक आर्थिक मदतीचा करार आणि दुसरं ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’. हे दुसरं पत्र १९६४ पासून चालत आलं होतं. त्यावर सही केली की इतर विद्यापीठांनी त्या मुलाच्या मागे लागणं थांबवायचं, आणि मुलाने त्यातून सुटका करून न घेता दुसरीकडे प्रवेश घेतला तर त्याला दंड भोगावा लागायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते पत्र बंद झालं. आता आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद आहे.

मदतीचा हा करार एकदा लागू झाला की त्याच्या मुदतीत, खेळ अपेक्षेइतका चांगला नाही किंवा दुखापत झाली या कारणाने ती रक्कम कमी करता येत नाही. मुलगा अपात्र ठरला, त्याने अर्जात खोटं लिहिलं, गंभीर गैरवर्तन केलं किंवा स्वतःहून संघ सोडला तरच ती थांबवता येते. पण हा करार दोन गोष्टींवर अवलंबून असतो : विद्यापीठाने प्रवेश मंजूर करणं, आणि मुलगा एनसीएए या नियामक संस्थेच्या शैक्षणिक निकषात बसणं. शिवाय करारात मदत कुठल्या सत्रापासून सुरू होते ते लिहिलेलं असतं. ‘जानेवारीत ये’ या वाक्याचा सगळा खेळ त्या एका ओळीत असतो.

८५ आणि २५

ही पद्धत का जन्मली हे कळण्यासाठी दोन आकडे पुरेसे आहेत. अनेक वर्षं एफबीएस संघाला एका वेळी जास्तीत जास्त ८५ खेळाडूंना शिष्यवृत्ती देता यायची. आणि एका वर्षात नव्याने शिष्यवृत्तीवर घ्यायचे खेळाडू जास्तीत जास्त २५. खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. म्हणजे दर वर्षी २५ मुलं घेतली आणि सगळी चार वर्षं टिकली, तर शंभर होतात. पाच वर्षं टिकली तर सव्वाशे. जागा ८५. मधली पंधरा ते चाळीस मुलं कुठेतरी गळायला हवीत, तरच हिशेब जुळतो.

गळती होतेच, हे खरं आहे. कुणी लवकर व्यावसायिक लीगमध्ये जातं, कुणी नापास होतं, कुणाचा गुडघा जातो, कुणी दुसऱ्या विद्यापीठात बदली घेतं. अडचण अशी की डिसेंबर-फेब्रुवारीत सह्या घेताना ऑगस्टमध्ये नेमके किती जण गळालेले असतील हे कोचला माहीत नसतं. अंदाज कमी धरला तर चार-पाच शिष्यवृत्त्या वाया जातात आणि प्रतिस्पर्धी पुढे जातो. जास्त धरला तर ऑगस्टमध्ये ८५ जागांवर ८८ मुलं उभी राहतात. काही कोच जाणूनबुजून जास्त धरायचे. यालाच ओव्हरसाइनिंग म्हणतात. २००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने एका वर्षात ३७ मुलांच्या सह्या घेतल्या. त्यावर इतका गदारोळ झाला की त्यांच्या परिषदेने, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, त्याच वर्षी सह्यांची मर्यादा २८ वर आणली.

आता ८८ मुलांपैकी तिघांचं काय करायचं? मार्ग तीनच उरतात. जुन्या खेळाडूला ‘तुला इथे खेळायला मिळणार नाही’ असं सांगून बदली घ्यायला लावायचं. एखाद्याला वैद्यकीय कारणाने खेळातून निवृत्त दाखवायचं. त्याची शिष्यवृत्ती चालू राहते, पण तो ८५ मध्ये मोजला जात नाही. डॉक्टरांचा निर्णय खरा असेल तर हा नियम माणुसकीचा आहे, दबावाखाली झाला असेल तर क्रूर. आणि तिसरा मार्ग म्हणजे नव्या मुलाला जानेवारीत यायला सांगायचं. जानेवारीत आलेला मुलगा पुढच्या वर्षीच्या २५ मध्ये मोजता यायचा आणि तोवर हंगाम संपून जुनी मुलं पदवी घेऊन गेलेली असायची. एका दगडात दोन पक्षी. या तिसऱ्या मार्गाचं नाव ग्रेशर्ट.

शर्टाच्या रंगांत गल्लत होते, म्हणून एवढं लक्षात ठेवावं. रेडशर्ट खेळाडू ऑगस्टमध्ये रीतसर प्रवेश घेतो, शिष्यवृत्ती घेतो, सराव करतो, फक्त सामने खेळत नाही, म्हणून त्याचा हंगाम खर्च होत नाही. २०१८ पासून त्याला चार सामन्यांपर्यंत खेळण्याचीही मुभा आहे. ग्रेशर्ट खेळाडू मात्र ऑगस्टमध्ये संघाचा कुणीच नसतो. त्याला शिष्यवृत्ती नाही, संघासोबत सराव नाही, संघाचा डॉक्टर नाही, बहुधा वसतिगृहही नाही. एक जण ताटावर बसून कमी जेवतो, दुसरा मांडवाबाहेर उभा असतो.

पानावर बसवून उठवणं

२०१० च्या ऑगस्टमध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात घडलेलं प्रकरण या विषयावर बोलताना हमखास निघतं. सही केलेला एक नवा खेळाडू वसतिगृहात राहायला आला होता. संघाचं शिबिर तोंडावर असताना त्याला सांगण्यात आलं की यंदा जागा नाही, जानेवारीत ये. त्याला खोली रिकामी करावी लागली. तो चिडून केंटकी विद्यापीठाकडे गेला आणि पुढे परत लुइझियाना स्टेटलाच आला. शेवट बरा झाला, तरी त्या आठवड्यातला अन्याय त्याने पुसला जात नाही. पंगतीत पान वाढून झाल्यावर पाहुण्याला उठवण्यासारखं ते होतं.

फेब्रुवारी २०११ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष बर्नी मेकन यांनी स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमध्ये जाहीर लेख लिहून ग्रेशर्टच्या प्रथेला नैतिकदृष्ट्या निंद्य म्हटलं. त्यांचं विद्यापीठ साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्येच होतं, म्हणून त्या शब्दांना वजन आलं. जूनमध्ये या परिषदेतल्या विद्यापीठांच्या अध्यक्षांनी आपल्या बारा विद्यापीठांसाठी नियम केला की वर्षाला २५ हून जास्त सह्या घ्यायच्या नाहीत. बहुतेक कोच या नियमाच्या विरोधात होते. बिग टेन ही दुसरी मोठी परिषद जादा सह्यांवर दशकानुदशकं कडक बंधन पाळत आली होती, म्हणजे असं बंधन घालून चांगला फुटबॉल खेळता येत नाही हा युक्तिवाद टिकणारा नव्हता.

कोचची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. पहिलं म्हणणं असं : मुलंसुद्धा शब्द फिरवतात. सह्यांच्या आदल्या रात्री दुसऱ्या संघाकडे वळतात, मग कोचवरच बंधन का? दुसरं म्हणणं : जागा रिकामी ठेवली तर एका गरजू मुलाची शिष्यवृत्ती वाया जाते. तिसरं : आम्ही घरी जाऊन आई-वडिलांना आधीच सांगितलं होतं.

तिसरं म्हणणं खरं असेल तर ते निर्णायक आहे, त्याकडे पुढे येऊ. दुसऱ्यात तथ्य आहे, पण त्याची किंमत कोण मोजतो हे त्यात लपलेलं आहे. विमान कंपन्याही गळतीचा अंदाज धरून जादा तिकिटं विकतात. पण अमेरिकेत इच्छेविरुद्ध उतरवलेल्या प्रवाशाला बहुतेक वेळा रोख भरपाई द्यावी लागते, तसा सरकारी नियम आहे. अंदाज चुकला तर कंपनी पैसे मोजते. इथे अंदाज कोचचा चुकतो आणि सहा महिने मुलाचे जातात. आणि पहिलं म्हणणं, दोघेही शब्द फिरवतात हे, दोन बाजू सारख्या आहेत असं गृहीत धरतं. सतरा वर्षांचा मुलगा फिरला तर संघाकडे यादीत त्या जागेसाठी आणखी चार नावं असतात. संघ फिरला तर मुलाकडे बहुतेकदा एकही नसतं, कारण त्याने ‘हो’ म्हटल्यावर बाकीच्यांनी आपल्या जागा भरलेल्या असतात. ज्याचं नुकसान भरून येऊ शकतं त्याने जास्त सैल वागणं आणि ज्याचं येत नाही त्याने पक्कं राहणं, असा हा व्यवहार आहे. तो न्याय्य नाही.

रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर वेटिंग लिस्टचं तिकीट विकण्यात गैर काही नाही. विकत घेणाऱ्याला माहीत असतं की जागा मिळेल किंवा नाही, आणि त्या हिशेबाने तो दुसऱ्या गाडीचंही बघून ठेवतो. कन्फर्म तिकीट देऊन फलाटावर ‘उद्याच्या गाडीने ये’ सांगणं ही वेगळी गोष्ट आहे. ग्रेशर्टच्या नैतिकतेचा प्रश्न जवळजवळ पूर्णपणे या तारखेचा प्रश्न आहे.

तारीख बघा

डिसेंबरच्या सह्यांआधी, लेखी, ‘मदत जानेवारीपासून’ असं सांगितलं असेल तर मुलाकडे निवड आहे. कदाचित दुसरा लहान संघ ऑगस्टपासूनच शिष्यवृत्ती देत असेल. दोन्ही पारड्यांत घालून तो ठरवू शकतो. सह्या झाल्यावर पण १ मेच्या आत सांगितलं, तर खेळाची दारं बहुतेक बंद झालेली असतात, तरी सामान्य प्रवेशाची काही उघडी असतात. १ मे ही बहुतेक अमेरिकन विद्यापीठांत प्रवेश पक्का करून अनामत भरायची तारीख. जून-जुलैमध्ये सांगितलं तर मुलगा शाळेतून बाहेर पडलेला, मित्रांना सांगून झालेलं, इतर संघ भरलेले. तेव्हा ‘नाही’ म्हणायचा अधिकार कागदावर असतो, हातात नसतो. अशा वेळी मिळवलेल्या संमतीला संमती म्हणू नये.

खरंच उपयोग होतो तेव्हा

ग्रेशर्ट मुळातच वाईट आहे असं मानणारे एक गोष्ट विसरतात. काही मुलांसाठी तो उत्तम पर्याय असतो. बारावीच्या हंगामात गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध फाटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं. असा मुलगा ऑगस्टमध्ये जाऊन काही करू शकत नाही. लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू, म्हणून निवडलेला, उंच पण अजून न भरलेला मुलगा सहा महिन्यांत अंगाने भरतो. आणि मुख्य म्हणजे घड्याळ.

चार हंगाम खेळायच्या पाच वर्षांच्या मुदतीचं ते घड्याळ सुरू होतं कुठल्याही कॉलेजमध्ये पूर्णवेळ नाव नोंदवल्यावर. समजा दोन मुलांनी मे २०२६ मध्ये शाळा संपवली. पहिला ऑगस्ट २०२६ ला पूर्णवेळ दाखल झाला, तर त्याच्या पाच वर्षांत २०२६ ते २०३० चे हंगाम येतात. दुसरा जानेवारी २०२७ ला आला, तर त्याच्या वाट्याला २०२७ ते २०३१ येतात. दोघांनाही पाचपैकी चारच खेळायचे आहेत, पण दुसऱ्याने शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये एक हंगाम वाढीसाठी मिळवला आणि रेडशर्टची मुभाही शाबूत राखली. शिवाय जानेवारीत आल्यामुळे वसंत ऋतूतली पंधरा सराव सत्रं त्याला मिळतात, ती ऑगस्टमध्ये येणाऱ्याला पहिल्या हंगामाआधी मिळत नाहीत. पात्रतेचे नियम अलीकडे झपाट्याने बदलत आहेत, म्हणून हा हिशेब करताना त्या वर्षीची नियमावली विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे नियमपालन कक्षाकडून, तपासून घ्यायलाच हवी.

अभ्यासात एखादा विषय राहिलेल्यालाही हा अवधी उपयोगी पडू शकतो. एनसीएएला शाळेतले सोळा मूलभूत विषय लागतात आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी. त्यांपैकी दहा विषय बारावीचं वर्ष सुरू होण्याआधी पूर्ण झालेले असावे लागतात. वेळेवर शाळा संपवणाऱ्याला त्यानंतर एका जादा विषयाची सवलत मिळते. एकाची, तिघांची नव्हे. या मोकळ्या महिन्यांत सगळा राहिलेला अभ्यास भरून काढू असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे.

ते पाच महिने कसे जातात

ऑगस्ट ते डिसेंबर या काळात सर्वांत महागडी चूक एकच : पूर्णवेळ प्रवेश. क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रमाचा भार मोजायचं एकक, आणि बहुतेक विद्यापीठांत सत्राला बारा क्रेडिट म्हणजे पूर्णवेळ. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्येसुद्धा बारा क्रेडिट घेतले की घड्याळ सुरू होतं आणि ज्यासाठी थांबलो तो फायदाच संपतो. म्हणून ग्रेशर्ट मुलं सहा किंवा नऊ क्रेडिट घेतात. सहाच्या खाली गेलं तर सरकारी शैक्षणिक कर्ज मिळत नाही, कारण त्याला किमान अर्धवेळ प्रवेश लागतो. बाराला पोचलं तर घड्याळ चालू. या दोन कड्यांच्या मधे राहायचं असतं आणि अनेक कुटुंबांना हे कुणीही आधी सांगत नाही.

हा खर्च घरचा. शिकवणी, भाडं, जेवण, व्यायामशाळा. अर्धवेळ प्रवेशामुळे गुणवत्तेवर मिळालेली दुसरी शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते, कारण तशा बहुतेक शिष्यवृत्त्यांना पूर्णवेळ प्रवेशाची अट असते. आरोग्यविम्याचा प्रश्न मात्र बराच सुटलेला आहे. आई-वडिलांच्या विम्यात मूल सव्वीस वर्षांपर्यंत राहू शकतं, विद्यार्थी असो वा नसो. पण आई-वडिलांचा विमाच नसेल, आणि फुटबॉल खेळणाऱ्या अनेक घरांत ती स्थिती असते, तर या महिन्यांत एकट्याने व्यायाम करताना झालेली दुखापत सरळ खिशाला लागते. श्रीमंत घरातल्या मुलासाठी ग्रेशर्ट ही विश्रांती ठरते, गरीब घरातल्या मुलासाठी कर्ज. एकाच ऑफरचा दोघांना वेगळा भार पडतो, हे नैतिक हिशेबात धरायलाच हवं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. मुलगा स्वतःच्या एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असेल तर अर्धवेळ प्रवेशाचा मार्ग त्याला साधारणपणे बंद असतो, कारण त्या व्हिसाला पूर्णवेळ शिक्षणाची अट आहे. पालकांच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून, म्हणजे एच-४ वर असलेल्या मुलाला अर्धवेळ शिकता येतं, पण वयाची एकवीस वर्षं पूर्ण झाली की ती सोय संपते. पाच वर्षांच्या घड्याळात हे वर्ष कुठे पडतं ते आधी मोजावं.

आणि खरा धोका अभ्यासाचा किंवा पैशाचाही नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये कोचना काढलं जातं ते नोव्हेंबरअखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, हंगाम संपता संपता. ग्रेशर्ट मुलगा नेमका तेव्हाच दाराबाहेर थांबलेला असतो. शब्द देणारा माणूस गेला आणि मागे लेखी काही नसलं, तर नव्या कोचवर तो शब्द पाळण्याचं काहीच बंधन नाही. त्याला आपली माणसं आणायची असतात.

आकडे गेले, पेच राहिला

गेल्या काही वर्षांत सगळी चौकट बदलली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे बदली हव्या असलेल्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ मध्ये पहिली बदली वर्षभर न थांबता करण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये वर्षभर थांबायची अट बहुतेकांसाठी संपलीच. जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येऊ लागले. वर्षाला २५ नव्या खेळाडूंची मर्यादा आधी दोन वर्षांसाठी स्थगित झाली, मग रद्द झाली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात एकूण १०५ खेळाडू ही मर्यादा आली. पूर्वी शिष्यवृत्तीचे ८५ आणि स्वखर्चाने खेळणारे, ज्यांना वॉक-ऑन म्हणतात, असे मिळून सव्वाशेचा संघ सहज असायचा. आता एकशे सहावा खेळाडू फुकट खेळायला तयार असला तरी त्याला सहसा जागा नाही.

म्हणजे जागेची टंचाई संपली नाही, ती सरकली. डिसेंबरमध्ये सह्या घेणाऱ्या कोचला ऑगस्टमध्ये १०५ पैकी किती जण राहतील हे आजही ठाऊक नसतं. उलट बदल्या मोकळ्या झाल्याने अंदाज आणखी कठीण झाला. पोर्टलची मुख्य मुदत आता जानेवारीत असते, आणि ग्रेशर्ट मुलगा दाखल होतो तोही जानेवारीत. त्याच दारातून त्याच आठवड्यात दुसऱ्या विद्यापीठात दोन हंगाम खेळलेला वीस वर्षांचा तयार खेळाडू आत येतो. कोचची नोकरी पुढच्या हंगामावर अवलंबून असेल तर तो कुणाला घेईल हे सांगायला नको.

विद्यापीठांनी ठरवलं तर हे सुधारणं अवघड नाही. लांबवलेल्या प्रवेशाची प्रत्येक ऑफर सहीच्या आधी लेखी द्यावी, जानेवारीच्या सत्रापासून लागू होणारा मदतीचा करार त्याच वेळी करावा, आणि सहीनंतर पुढे ढकलायची वेळ आलीच तर मुलाला बंधनातून पूर्ण मुक्त करून त्या सत्राचा खर्च विद्यापीठाने उचलावा. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अंदाज चुकल्याची किंमत ज्याने अंदाज केला त्याच्यावर पडली, की जादा सह्या आपोआप कमी होतील. आपल्या पैशाचा प्रश्न आला की सगळ्यांचं गणित सुधारतं.

घरी बसून विचारायचे प्रश्न

कोच घरी येतो तेव्हा वातावरण सणाचं असतं आणि प्रश्न विचारणं अपमानासारखं वाटतं. तरी विचारावेत. मदत कोणत्या सत्रापासून सुरू होते, आणि करार एका वर्षाचा की अनेक वर्षांचा? १९७३ पासून शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असायची. अनेक वर्षांचा करार २०१२ पासून पुन्हा करता येऊ लागला, पण तो मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही. जानेवारीआधी दुखापत झाली तर करार टिकतो का? तुम्ही इथे नसाल तर हा कागद कुणाला बांधतो? सध्या संघात किती जण आहेत आणि ऑगस्टमध्ये किती असतील असा तुमचा अंदाज आहे? शेवटच्या प्रश्नाला कोच आकडा देतो की विषय बदलतो यावरूनही पुष्कळ कळतं.

उत्तरं कोचकडून तोंडी घेऊन थांबू नये. आर्थिक मदतीचा करार आर्थिक साहाय्य कार्यालयाकडून येतो आणि त्यावर तिथल्या अधिकाऱ्याची सही असते. कोचचा मेसेज, विद्यापीठाचा लोगो छापलेलं रंगीत ऑफरचं पोस्टर, जर्सीतला फोटो यांपैकी काहीही करार नाही. चालू मदत पुढे कमी केली किंवा नूतनीकरण नाकारलं तर विद्यापीठाने सुनावणीची संधी लेखी कळवावी लागते, आणि ती सुनावणी क्रीडा विभागाबाहेरच्या लोकांनी घ्यायची असते. हा हक्क करार लागू झालेल्यालाच मिळतो. जानेवारीची वाट बघत बसलेल्या, कागद नसलेल्या मुलाला तो नाही.

म्हणून ‘जानेवारीत ये’ असं सांगितलेल्या प्रत्येक घराने, कोच कितीही सज्जन वाटला तरी, दुसऱ्या एका विद्यापीठाचा सामान्य प्रवेश हातात ठेवावा. जानेवारीपासूनच्या मदतीचा सही झालेला करार १ मेपर्यंत घरी आला नाही, तर त्या दिवशी त्या दुसऱ्या विद्यापीठाची अनामत भरून टाकावी. दोन-तीनशे डॉलर जातील, पण ऑगस्टमध्ये वर्गात बसायला जागा असेल.